येळवस ते कर: मांजराच्या घरातला हिवाळा

लोखंडी पेटीतून वाकळी आणि रजया बाहेर निघाल्या की आमच्याकडं मांजरांचा हिवाळा सुरू होतो, आणि हंगामातली पहिली चूकही तिथंच होते. वाकळ अंथरली की पाच मिनिटांत मांजर तिच्यावर गोल होऊन झोपतं. पण ती वाकळ आठ महिने डांबरगोळ्यांच्या वासात राहिलेली असते. डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलिन, आणि ते मांजराला विषारी. म्हणून पेटी घरात उघडायचीच नाही, गच्चीवर किंवा अंगणात उघडायची. पेटीत किती गोळ्या टाकल्या होत्या ते झाकणाच्या आत खडूनं लिहून ठेवलं की काढताना हिशेब लागतो. झिजलेल्या गोळीचा हरभऱ्याएवढा तुकडा वाकळीच्या शिवणीत अडकून बसतो आणि फरशीवर पडला की मांजर त्याला पंजानं घरंगळवत खेळतं. शिवणी हातानं चाचपून झाल्या की दोन दिवस कडक ऊन, दुसऱ्या दिवशी बाजू पालटून. नाकाला वास येत असेल तर तिसरा दिवस. संक्रांतीनंतर पेटी परत भरताना गोळ्यांच्या जागी वाळवलेला कडुनिंबाचा पाला जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून टाकला तरी चालतं, फक्त वाकळ पूर्ण कोरडी हवी.

यामागचं कारण एकदा समजून घेतलं की पुढच्या निम्म्या गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी माणसापेक्षा फार नाजूक असतात, काही रसायनांनी त्या भराभर फुटतात. शिवाय आपलं यकृत ज्या वाटेनं पुष्कळशी औषधं निकामी करून बाहेर टाकतं, ती वाट मांजरात जवळजवळ बंद असते. म्हणून डांबरगोळी, कांदा-लसूण आणि पॅरासिटामॉल या वरवर काहीच संबंध नसलेल्या तीन गोष्टी मांजराच्या बाबतीत एकाच रांगेत बसतात. हिवाळ्यात मांजर शिंकायला लागलं की घरातलं कुणीतरी तापाची पाव गोळी दुधात विरघळवून देतं, आणि मायेपोटीच देतं. त्या पाव गोळीनंही मांजर दगावू शकतं. तोंड सुजलं, हिरड्या निळसर किंवा तपकिरी दिसायला लागल्या, धाप लागली की तासांचा प्रश्न असतो. गोळीचं पाकीट सोबत घेऊन दवाखाना गाठायचा. बाम, कापूर, निलगिरीचं तेल हेही छातीला चोळायचं नाही. अंगाला लावलेलं सगळं मांजर चाटून पोटात घेतं.

आता थंडीचं. मांजराच्या अंगाचं तापमान ३८ ते ३९ अंश असतं आणि भोवतालची हवा तीसच्या वर असली की त्याला खरा आराम वाटतो. परभणीकडं पारा दहाच्या खाली उतरणं काही नवं नाही. लातूर, बीडलाही पहाटे चांगलंच गारठतं. त्यात आपल्या घरातली शहाबादी फरशी. उन्हाळ्यात तिच्यावर पोट टेकून पडणारं मांजर हिवाळ्यात तिला पाय लावायला तयार नसतं. म्हणून अंथरुणाच्या वरच्या थरापेक्षा खालचा थर जास्त महत्त्वाचा. आमची रचना अशी: खाली दोन विटांवर फळी, फळीवर चौघडी पोतं, त्यावर पुठ्ठ्याचं खोकं, आणि खोक्यात वाकळीचा तुकडा. खोकं साधारण दीड फूट लांब, सव्वा फूट रुंद, एक फूट उंच. मोठं खोकं घेण्याचा मोह होतो, पण मोठ्या खोक्यात मांजराच्या अंगाची ऊब टिकत नाही. तोंडाला सहा-सात इंचाचं एकच भोक, तेही दाराच्या झुळकेकडं तोंड करून नको. अंगणात, गोठ्यात राहणाऱ्या मांजरासाठी कापड घालायचं नाही, गव्हाचं काड घालायचं. कापड दव धरतं आणि सकाळपर्यंत गार पडतं, काडाखाली मांजर स्वतः घुसून बसतं. सोयाबीनचं भुसकट आपल्याकडं ढिगानं असतं म्हणून तेच भरलं जातं, पण त्याची धूळ नाकाडोळ्यांत जाते आणि शिंका सुरू होतात.

कडाक्याच्या रात्री अर्ध्या लिटरच्या बाटलीत अंघोळीला सोसेल इतपत गरम पाणी भरून, जुन्या पायमोज्यात घालून खोक्याच्या एका बाजूला ठेवायची. एकाच बाजूला, म्हणजे नको झालं की मांजराला सरकता येतं. उकळतं पाणी नको, आणि शेकायचं विजेचं गादीपॅड तर मुळीच नको. झोपलेल्या मांजराला भाजतंय हे फार उशिरा कळतं. चुलीचंही तसंच. रात्री चूल विझली की मांजर कोमट राखेत जाऊन बसतं, वैलाच्या भोकातून नुसते कान दिसतात. पहाटे जळण घालण्याआधी काडीनं राख हलवून बघायची सवय ज्या घरात आहे, त्या घरातल्या मांजराच्या मिशा शाबूत असतात. गाडीचं इंजिनही अशीच ऊबदार जागा. सकाळी चावी फिरवण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायच्या, हॉर्न द्यायचा आणि दहापर्यंत आकडे मोजायचे.

मार्गशीर्ष लागला की खाण्याचा पेच येतो. गुरुवार, चंपाषष्ठी, दत्तजयंती असं सगळं लागून येतं आणि बऱ्याच घरांत अख्खा महिना अंडं-मटण शिजत नाही. माणसांचं निभतं, मांजराचं निभत नाही. टॉरीन नावाचा घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो, आणि धान्यात, डाळीत, भाजीत तो नसतो. दूध-भाकरीत नावापुरता असतो. तो बरेच महिने कमी पडला तर डोळ्यांचा पडदा आणि हृदयाचा स्नायू खराब होतो. खेड्यात दूध-भाकरीवर मांजरं जगताना दिसतात, ती उंदरांवर जगतात, भाकरी वरकड असते. एका महिन्यात आंधळं होणार नाही हे खरं, पण पोट बिघडतं, मांजर सुकतं आणि शेजारच्या घरी मुक्काम हलवतं. ज्यांना स्वयंपाकघरात अंडंही चालत नाही, त्यांनी मांजराचं तयार कोरडं खाद्य आधीच आणून ठेवावं. चार किलोच्या मांजराला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम, दोन-तीन वेळांत विभागून. बदल एकदम करायचा नाही: पहिले दोन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण, आठवड्यात पूर्ण. एकदम बदललं की जुलाब ठरलेले, आणि बिल मात्र खाद्याच्या नावावर फाटतं. दुधाचंही थोडं याच्यातच. मोठ्या मांजराला दुधातली साखर पचत नाही, वाटीभर दूध म्हणजे दुसऱ्या दिवशी शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूत पातळ.

कोरडं खाद्य आणि थंडी एकत्र आली की पाणी कमी पडतं. मांजराला खाण्यातून आणि पिण्यातून मिळून किलोमागं साधारण ५० मिली पाणी लागतं, चार किलोच्या मांजराला दिवसाचं २०० मिली. गार पाणी ते तोंड लावून सोडतं. सकाळ-संध्याकाळ कोमट पाणी पसरट भांड्यात, खाण्याच्या ताटलीपासून चार हात लांब ठेवलं की पितं. कोरड्या खाद्यात दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवलं तरी चालतं. हे बोक्यांच्या बाबतीत जास्त जपायचं. बोक्याची लघवीची नळी अरुंद असते आणि दाट लघवीत खडे, गाळ तयार होऊन ती तुंबते. बोका वाळूत जाऊन बसतो, जोर लावतो, ओरडतो, परत परत जातो, आणि वाळू कोरडीच. घरातली माणसं म्हणतात, पोट साफ होत नाही, आणि एरंडेल शोधायला लागतात. हे पोटाचं नसतं. लघवी पूर्ण अडली तर दोन दिवसांत जीव जातो. त्याच दिवशी डॉक्टर, रात्र असली तरी.

वाळूचा विषय निघालाच आहे तर: एरवी परसात जाणारी मांजरं डिसेंबरात पहाटे बाहेर पडायला कुचराई करतात आणि मग वाकळीवर प्रकार होतो. म्हणून हिवाळ्यापुरतं तरी घरात एक घमेलं हवं, दोन मांजरं असली तर तीन. नदीची चाळलेली वाळू तीन बोटं उंच, घाण रोज काढायची, वाळू आठवड्याला बदलायची. काहीजण फुकट मिळते म्हणून रानातली काळी माती भरतात. गंमत म्हणजे बाजारातलं गोळे धरणारं ‘लिटर’, म्हणजे वाळूऐवजी घालायची तयार भुकटी, ज्या बेंटोनाइटचं असतं ते आपल्या काळ्या मातीच्याच गोत्रातलं, पाणी लागलं की फुगणारं. पण काळी माती एकदा ओली झाली की लवकर वाळत नाही, पंजाच्या बोटांत ढेकळं धरते, आणि मग शहाबादीवर पावलं उमटत स्वयंपाकघरापर्यंत येतात.

मांजरीची नसबंदी करायची असेल तर ती याच महिन्यात उरकावी. २१-२२ डिसेंबरनंतर दिवस मोठा व्हायला लागतो आणि वाढत्या उजेडावर मांजरी माजावर येतात. जानेवारी-फेब्रुवारीत माज, ६३ ते ६५ दिवस गाभण, म्हणजे पिल्लं नेमकी उन्हाच्या तोंडावर. परभणी आणि उदगीर इथं सरकारी पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. इतरत्र आधी फोन करून मांजराचं ऑपरेशन होतं का ते विचारावं, कारण तालुक्याच्या दवाखान्यांचा सगळा सराव गाईगुरांवरचा. वेळ सकाळची मागायची. भुलीनंतर मांजराचं अंग गार पडतं आणि दुपारचं ऊन कामाला येतं. टाक्यांना १० ते १४ दिवस जीभ लागू द्यायची नाही, म्हणजे येळवसीच्या आधी किमान पंधरवडा हाताशी हवा.

येळवस, पंचांगातली वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्या. लातूर-धाराशिवकडं त्या दिवशी सगळे शेतात पूजेला आणि जेवायला जातात, गाव ओस पडतं आणि रान भरतं. इंग्रजी तारखेवर विसंबायचं नाही. २०२४ मध्ये ती दोनदा आली, ११ जानेवारीला आणि ३० डिसेंबरला. नाताळच्या सुट्टीला लागून आली तर घर एक दिवस नाही, चार-पाच दिवस बंद राहतं, आणि दोन्हींची तयारी वेगळी.

एका दिवसासाठी मांजराला रानात न्यायचं नाही, हे आमचं पक्कं मत आहे. मुलं हट्ट करतात, कोपीपुढं, म्हणजे पूजेसाठी केलेल्या कडब्याच्या खोपीपुढं, मांजराचा फोटो छान येतो, पण रानात माणसं, कुत्री, फटाके, बिनकठड्याची विहीर आणि हरभऱ्यात उंदरांसाठी टाकलेलं औषध असतं. झिंक फॉस्फाइड लावलेले दाणे मांजर खाणार नाही कदाचित, पण ते खाऊन झिंगलेला उंदीर सहज धरेल. सहाला निघून सातला परत म्हणजे तेरा तास. मोठं, निरोगी मांजर तेवढं आरामात काढतं. दोन जागी पाणी, ३० ग्रॅम कोरडं खाद्य, साफ केलेलं घमेलं. पाणी तापवायचा रॉड भिंतीवरून काढून ठेवायचा, हौदाचं झाकण लावायचं. आणि कुलूप घालण्याआधी मांजर डोळ्यांनी बघायचं. ‘असेल आतच’ म्हणून निघालं की ते दिवाणाच्या खोक्यात, पेटीत किंवा कपाटात अडकलेलं सापडतं, तेही संध्याकाळी. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला मात्र तेरा तास ठेवता येत नाही. त्याला दिवसातून तीन-चार वेळा खायला लागतं, शेजारी किल्ली द्यावी.

संध्याकाळी डब्यांतून उरलेली भज्जी, उंडे, खीर परत येते आणि मांजराच्या ताटलीत पडते. येळवसीची भज्जी म्हणजे हरभरा, वटाणा, तुरीचे दाणे, आणि सोबत मुठी-मुठीनं पातीचा कांदा आणि लसूण. शिजवून कांद्याचा दोष जात नाही. बेसनाचा खमंग वास असल्यानं मांजर चाटतंही. घासभर चाटून लगेच काही दिसत नाही, दोन-चार दिवसांनी मांजर मलूल होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी लालसर होते, आणि तोवर भज्जी कुणाच्या लक्षात नसते. आंबील, तिळाची पोळी याला मांजर हुंगून पाठ फिरवतं. गोड चवच त्याला कळत नाही.

चार-पाच दिवस गावी राहायचं असेल तर दोनच पर्याय: रोज दोनदा येऊन बघणारं माणूस, नाहीतर मांजर सोबत. सोबत न्यायचं तर पिंजरा निघायच्या दिवशी माळ्यावरून काढून चालत नाही. पंधरा दिवस आधी तो खोलीत दार उघडं ठेवून, आत त्याच्या वासाचा वाकळीचा तुकडा घालून मांडायचा आणि रोज एक वेळचं खाणं त्यात द्यायचं. पिंजरा नसेल तर कोंबड्यांचं डालगं चालतं, पण तळ नसलेलं नको, आणि वरून धोतर घट्ट बांधायचं. निघण्याआधी तीन-चार तास खाणं बंद, पाणी चालू. गाडीत पिंजरा पुढच्या सीटच्या मागं खाली ठेवायचा, वर ओढणी टाकायची. वाटेत चहाला थांबलं तरी दार उघडायचं नाही. हरवलेल्या मांजरांतली बरीचशी अशीच ‘जरा मोकळं होऊ दे’ म्हणून हरवतात.

गावात पोचल्यावर पूर्ण घर द्यायचं नाही, एकच खोली. माळवदाचं घर असेल तर वर बघा: उजेडासाठी ठेवलेलं साणं उघडं असतं आणि मांजर कणगीवरून तुळईवर, तुळईवरून बाहेर जातं. जाळी किंवा फळी ठोकूनच त्याला सोडायचं. पहिल्या दिवशी खाल्लं नाही तर घाबरायचं कारण नाही. पण दुसरा दिवसही कोराच गेला तर डॉक्टरांना दाखवावं. लठ्ठ मांजर तीन-चार दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठते आणि मग ते खाऊच शकत नाही. पाहुण्यांच्या गर्दीनं, प्रवासानं दबलेली सर्दी वर येते, बहुधा आठवडाभरानं, म्हणजे परत घरी आल्यावर. शिंका, चिकट डोळे, नाक बंद. नाक बंद म्हणजे वास नाही, वास नाही म्हणून खाणं नाही. कोमट पाण्याच्या बोळ्यानं डोळे-नाक पुसायचे, न्हाणीघरात वाफ करून दहा मिनिटं बसवायचं, खाणं जरा कोमट करून द्यायचं. मुलांच्या केकमधलं चॉकलेट आणि मनुका मात्र मांजराच्या आसपास नकोत, एवढं नाताळाबद्दल पुरे.

नाताळाच्या झाडावरच्या चमकत्या झिरमिळ्यांपेक्षा आपल्याकडं खरा धोका वाकळीच्या दोऱ्याचा. दुपारी उन्हात बसून आजी धागे घालत असते, दोरा फरशीवर वळवळतो, मांजर त्याच्यावर झेप घेतं. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाकडं वळलेले असतात. दोरा एकदा जिभेवर आला की त्याला थुंकून टाकता येत नाही, तो आतच जात राहतो. सुई ओवलेली असेल तर सुईसकट. दोऱ्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, दुसरं पुढं आतड्यात ओढलं जातं, आणि परकराच्या नेफ्यातली नाडी ओढल्यावर कापडाच्या जशा चुण्या पडतात तशा आतड्याच्या पडतात. मग तो ताणलेला दोरा आतडं आतून कापतो. उलट्या, खाणं बंद, पाठीची कमान करून कोपऱ्यात बसणं ही खूण. कधी गुदद्वारातून चार बोटं दोरा लोंबताना दिसतो आणि हात ओढायला शिवशिवतो. ओढायचा नाही, तोंडातून दिसला तरी नाही. मांजर उचलायचं आणि जायचं. डॉक्टरांना दोऱ्याची शंका तोंडानं सांगावी लागते, कारण एक्स-रेत सुई दिसते, सुती दोरा दिसत नाही. उपाय सोपा आहे, पण पाळला जात नाही: शिवण थांबली की सुई-रीळ झाकणाच्या डब्यात, तोडलेले धागे मांडीवरच्या फडक्यात, आणि उठताना सुया मोजून.

संक्रांतीला हाच धोका गच्चीवर येतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१७ मध्ये नायलॉन मांजावर बंदी घातली, तरी जानेवारीत पत्र्यांवर आणि तारांवर तो लोंबतोच. मांजर पळताना पाय गुंततो, ते घाबरून ओढतं, आणि दोरा कातड्यातून आत रुततो. सोडवताना आधी मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळायचं, फक्त तो पाय बाहेर ठेवायचा, आणि दोरा उलगडत न बसता बोथट टोकाच्या कात्रीनं दोन ठिकाणी कापायचा. जखमेत रुतलेला भाग डॉक्टरांवर सोडायचा. भोगीच्या सकाळपासून मांजर घरात ठेवायचं. कराच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, गच्ची झाडायची: पाण्याच्या टाकीमागं, पन्हाळीच्या तोंडाशी, डिशच्या दांड्याला. सापडलेला मांजा तसाच कचऱ्यात टाकला की उकिरड्यावरच्या दुसऱ्या मांजराच्या पायात जातो, म्हणून त्याचे बोटभर तुकडे करून बाटलीत भरायचे आणि बूच घट्ट लावायचं.